बारा लाख आणि पंधरा मिनिटं

तीन हजारांची साडी घेताना आपण दुकानदाराला अर्धं कपाट उपसायला लावतो. दिव्याच्या उजेडात रंग फसवतो म्हणून पदर दारापाशी नेऊन उन्हात धरतो, काठ उलटून पाहतो आणि एवढं सगळं करून ‘उद्या आईला घेऊन येते’ म्हणत उठतो. दुकानदारालाही त्यात काही वावगं वाटत नाही. बारा लाखांची गाडी मात्र पंधरा मिनिटांत पसंत पडते आणि सोळाव्या मिनिटाला बुकिंगची पावती फाटते.

ती पंधरा मिनिटं म्हणजे टेस्ट ड्राइव्ह. शोरूमच्या दारातून डावीकडे, रुंद डांबरी रस्ता, पहिला यू-टर्न आणि परत. रस्ता शोरूमने निवडलेला. गाडी आधीच एसी लावून गार केलेली. शेजारी सेल्समन. ‘सर, पिकअप बघा ना!’ सर पिकअप बघतात. खड्डा नाही, चढ नाही, पाऊस नाही, रात्र नाही, मागे आई-वडील नाहीत, डिकीत सामान नाही. पुढची दहा वर्षं ही गाडी ज्या ज्या प्रसंगांतून जाणार आहे, त्यांतला एकही त्या फेरीत भेटत नाही.

त्यातून टेस्ट ड्राइव्हला बहुतेक वेळा सगळ्यांत वरचं मॉडेल देतात आणि आपण घेणार असतो खालून दुसरं. फरक सनरूफपुरता असता तर सोडून दिला असता. पण ड्रायव्हरची सीट वर-खाली करायची सोय अनेक छोट्या गाड्यांच्या खालच्या मॉडेलात नसते. पाच फूट उंचीच्या बाईसाठी ही सोय म्हणजे चैन नव्हे. ती नसेल तर बॉनेट कुठे संपतं ते दिसत नाही. क्लच पूर्ण दाबायला सीट इतकी पुढे ओढावी लागते की स्टिअरिंग छातीजवळ येतं. स्टिअरिंगमधली एअरबॅग आणि छाती यांत निदान २५ सेंटीमीटर अंतर असावं असं सुरक्षिततेचे जाणकार सांगतात. म्हणजे जिवाशी गाठ असलेली गोष्ट, आणि शोरूमच्या फेरीत ती कळतसुद्धा नाही, कारण त्या गाडीत सीट छान वर उचलता येते.

आणि ती फेरी मारतं कोण? घरातला पुरुष. रोज सकाळी मुलांना शाळेत सोडून पुढे ऑफिस गाठायला जी बाई ही गाडी चालवणार, ती मागच्या सीटवर बसून कव्हरचा रंग बघत असते. परत आल्यावर तिला विचारतात, ‘आवडली ना?’ मला या दृश्याचा मनापासून राग येतो. हप्ता कित्येकदा दोघांच्या पगारातून जाणार असतो. चालवायची तिने. निवडायची मात्र त्याने, तीही यू-टर्नपर्यंत जाऊन.

माझं म्हणणं सरळ आहे. जी गाडी घ्यायचं मनात आहे तीच गाडी, तोच गिअरबॉक्स, तेच इंधन, आधी भाड्याने घ्या. तीन-चार दिवस, जमलं तर आठवडाभर. आपल्या रस्त्यावर, आपल्या माणसांना घेऊन, आपल्या पार्किंगमध्ये. सहलीला म्हणून नाही, तपासायला म्हणून.

‘भाड्याचे पैसे फुकट जातील’ हे उत्तर लगेच येतं. मग हिशोबच मांडू. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला वाहनकर १२ टक्के आहे. बारा लाखांच्या गाडीवर तो झाला १ लाख ४४ हजार. गाडी नाही पटली म्हणून सहा महिन्यांत गावातल्याच कुणाला विकलीत, तरी आरटीओ ते पैसे तुमच्या हातात परत ठेवत नाही. विम्याच्या कागदावर तर नव्या कोऱ्या गाडीची किंमत पहिल्याच दिवशी शोरूमच्या किमतीच्या ९५ टक्के धरतात. एक वर्ष उलटलं की ८० टक्के. म्हणजे एका वर्षात २ लाख ४० हजार कागदावरच उतरले, आणि जुन्या गाड्यांचा दलाल कागद बघून भाव करत नाही, तो आणखी पाडून मागतो. याच्यासमोर भाडं ठेवा. दिवसाला अडीच हजार धरले तर चार दिवसांचे दहा हजार. गाडीच्या किमतीचा एक टक्काही नाही. त्याच खरेदीत कोटिंग, मॅट, मडफ्लॅप आणि ‘हँडलिंग चार्जेस’ नावाची कुणालाच समजावून सांगता न येणारी रक्कम आपण निमूटपणे भरतो. दहा हजार तिथे खुपत नाहीत, तपासणीच्या वेळीच का खुपावेत?

शिवाय परतीचा रस्ता नाही. ‘पसंत पडली नाही’ एवढ्या कारणावर नवी गाडी शोरूमला परत करता येईल असा कायदा आपल्याकडे नाही. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा सदोष वस्तूबद्दल बोलतो. मागच्या सीटवर बसताना वडिलांचा गुडघा अडतो, हा कायद्याच्या लेखी दोष होत नाही. घरात मात्र त्यावरून दर रविवारी वाद होतो.

भाड्याच्या गाडीची खूण काळी पाटी आणि तिच्यावर पिवळी अक्षरं. गोव्याला गेलेल्या प्रत्येकाने ती पाहिलेली आहे. पुण्या-मुंबईतही आता या गाड्या सहज मिळतात. ओळखीच्या कुणी पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी पैसे घेऊन चार दिवस देऊ केली, तर नको म्हणा. खाजगी नोंदणीची गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विमा कंपनी याच मुद्द्यावर हात वर करू शकते. काळ्या पाटीची गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी आणि आतून मोबाइलवर व्हिडिओ काढा. डिपॉझिट, किलोमीटरची मर्यादा, ओरखड्याचे पैसे कोण भरणार, हे आधी वाचा. गाडीचा वेग बांधलेला आहे का तेही विचारून घ्या, नाहीतर एक्स्प्रेसवेवर इंजिनाला विनाकारण दोष द्याल.

महिन्याच्या भाड्याने कोरी गाडी देण्याच्या कंपन्यांच्या योजनाही आहेत. मारुतीची तशी योजना २०२० साली पुण्यातही सुरू झाली. पण ती किमान वर्षभरासाठी होती. ती गाडी न विकत घेता वापरण्याची सोय आहे, पारखण्याची नाही. ज्याला वर्षभर अडकायचंच नाही त्याने तिकडे जाऊ नये.

आता मायलेज. कंपनीच्या पत्रकात जो आकडा असतो, तो पुण्याच्या माणसाला तर घरचाच आहे. पौड रोडजवळ वेताळ टेकडीवर, जिथे अर्धं कोथरूड सकाळी फिरायला जातं, तिथे एआरएआय ही संस्था आहे, १९६६ सालची. हे आकडे तिच्याकडून किंवा तिच्यासारख्या दुसऱ्या अधिकृत संस्थेकडून प्रमाणित होऊन येतात. चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडीची चाकं प्रयोगशाळेतल्या रुळांवर फिरतात. ठरवून दिलेला वेग, ठरवून दिलेला थांबा, सुमारे वीस मिनिटं. वेग ९० च्या वर जात नाही आणि एसी बंद असतो. यात लबाडी नाही. सगळ्या गाड्या एकाच मापाने मोजायच्या तर माप असंच पक्कं हवं. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा उत्तम. पण तुमच्या महिन्याच्या पेट्रोलचा खर्च त्यावरून काढू नका. सिंहगड रोडवर संध्याकाळी सात वाजता, एसी चालू ठेवून, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीचा तो आकडा नव्हे.

तुमचा आकडा तुम्हीच काढा. गाडी हातात आली की पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा. किलोमीटर लिहून ठेवा. तीन-चार दिवस रोजची धावपळ करा आणि त्याच पंपावर येऊन पुन्हा तितकीच भरा. किलोमीटर भागिले लिटर. डॅशबोर्डवर दिसणाऱ्या आकड्यापेक्षा हा खरा. सीएनजी घ्यायची असेल तर यात आणखी एक गोष्ट मोजा: गॅसच्या रांगेत गेलेला वेळ. पंप तुमच्या वाटेवर आहे की वाट वाकडी करून जावं लागतं, रात्री उशिरा रांग किती असते, हे भाड्याच्या चार दिवसांत लख्ख कळतं. डिकीही उघडून बघा. सिलिंडर ठेवल्यावर उरलेल्या जागेत गणपतीला कोकणात निघालेल्या चौघांच्या बॅगा बसतात का?

मग घाट. या राज्यात राहून घाटात न तपासलेली गाडी घेणं मला कळतच नाही. पाच माणसं, भरलेली डिकी, एसी चालू, आणि ताम्हिणी किंवा आंबोली किंवा गगनबावड्याचा करूळ घाट. तुमच्या नेहमीच्या वाटेवर जो असेल तो. शोरूमच्या सपाट रस्त्यावर उडी मारणारं छोटं इंजिन इथे दुसऱ्या गिअरमध्ये कसं धापतं ते ऐका. वळणावर समोरच्या काचेशेजारचा खांब नजरेआड काय काय करतो ते बघा. काही गाड्यांत तो इतका जाड असतो की वळणावरून येणारा मोटरसायकलवाला पूर्ण झाकला जातो.

एएमटी गिअरबॉक्सची गाडी घेणाऱ्यांनी तर हे केलंच पाहिजे. २०१४ साली सेलेरिओतून एएमटी आपल्याकडे आली आणि स्वस्तातली ऑटोमॅटिक म्हणून मध्यमवर्गाने ती उचलली. तिच्यात क्लच आणि गिअर नेहमीचेच असतात, फक्त ते हाताळायचं काम हाता-पायांऐवजी यंत्र करतं. गिअर बदलताना एक क्षणभर गाडीचा जोर तुटतो. शहरात ते खपून जातं. कडक चढाच्या नागमोडी वळणावर, मागे मालट्रक असताना, तोच क्षण लांब वाटतो. काहींना त्याची आठवड्यात सवय होते, काही दर वळणाला दचकतात. तुम्ही कुठल्या गटातले, हे कुणीही तुम्हाला सांगू शकत नाही. चढावर थांबून पुन्हा निघताना गाडी मागे घरंगळू न देणारी सोय त्या मॉडेलात आहे का, तेही तिथेच तपासा. चढावरच्या सिग्नलला उभं राहून हे शिकण्याची वेळ नवीन चालवणाऱ्यावर येऊ नये.

विदर्भातल्या वाचकाला घाटाचं कौतुक नसेल. त्याची परीक्षा वेगळी. मे महिन्यात नागपुरात दुपारी दोन वाजता, उन्हात तासभर उभी ठेवलेली गाडी उघडायची आणि मागच्या सीटवर बसलेल्या आजीपर्यंत गार हवा किती वेळाने पोचते ते बघायचं. मागे एसीची जाळी नसलेली गाडी ४५ अंशांत काय करते, हे डिसेंबरात घेतलेल्या टेस्ट ड्राइव्हला कळणार नाही.

घरच्या म्हाताऱ्या माणसांना आत-बाहेर करायला लावा, एकदा नाही, दिवसातून तीनदा. उंच गाडीत चढणं कठीण, बुटक्या गाडीतून उठणं कठीण. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला यांतलं काय जास्त जड जातं ते तोच सांगेल. सोसायटीचं पार्किंग स्टॅकचं असेल तर त्या पाट्यावर गाडी प्रत्यक्ष चढवून बघा. नव्या उंच गाड्या अनेक जुन्या स्टॅकमध्ये उंचीला किंवा वजनाला बसत नाहीत, आणि ते गाडी घरी आल्यावर कळलं तर ती पुढची पंधरा वर्षं रस्त्यावर उभी राहते. गल्लीतल्या गतिरोधकांवरून भरलेली गाडी न्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापात गोल गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. आपल्या गल्लीतला कुणी घातला आणि कुठल्या मापाने, हे नगरसेवकाला ठाऊक. गाडीचं पोट त्याला घासतं का, एवढंच आपल्या हातात आहे.

रात्रही सोडू नका. दिव्यांचा उजेड किती लांब पडतो हे मुंबई-गोवा महामार्गाच्या अंधाऱ्या पट्ट्यात, पावसात, समोरून वाहनं येत असताना बघण्याची गोष्ट आहे. आणि एसीचा पंखा कमी करायला स्क्रीनवर तीन वेळा बोट लावावं लागत असेल, तर चालत्या गाडीत तेवढा वेळ नजर रस्त्यावरून हटते. शोरूममध्ये हाच स्क्रीन सगळ्यांना भुलवतो.

इलेक्ट्रिक गाडीच्या बाबतीत तर आधी भाड्याने घेणं मला जवळजवळ सक्तीचं वाटतं. पेट्रोलवाल्याला फक्त गाडी बदलायची असते. इथे सवय बदलायची असते. घरचा १५ अँपिअरचा सॉकेट साधारण ३.३ किलोवॅटने चार्ज करतो. ३० किलोवॅट-तासांची बॅटरी रिकामी असेल तर भरायला नऊ-दहा तास लागणार, म्हणजे अख्खी रात्र. ती रात्र तुमच्याकडे आहे का? पार्किंगपाशी सॉकेट आहे का, तो तुमच्या मीटरवर आहे की सोसायटीच्या, सेक्रेटरी काय म्हणतात? चार रात्री गाडी प्रत्यक्ष लावून बघितली की या प्रश्नांची उत्तरं सोसायटीच्या बैठकीची वाट न पाहता मिळतात. गावी जायच्या वाटेवरचा चार्जर खरंच चालू आहे का आणि तिथे आधीच किती गाड्या उभ्या आहेत, हे नकाशावर दिसत नाही, गेल्यावरच दिसतं. आणि चढताना झपाट्याने उतरणारी बॅटरी घाट उतरताना थोडी परत भरते, हे एकदा स्वतः पाहिलं की निम्मी भीती जाते. मी इलेक्ट्रिकच्या बाजूची आहे, म्हणूनच सांगते: न तपासता घेऊन पस्तावलेला एक माणूस बिल्डिंगमधल्या दहा जणांना परावृत्त करतो.

भाड्याच्या गाडीवरून काय ठरवू नये, तेही सांगायला हवं. तिचा क्लच शंभर अनोळखी पायांनी मारलेला असतो. शॉकअब्सॉर्बर दमलेले, दारं खडखडणारी. आवाज, क्लचचा जडपणा, धक्के यांवरून नव्या गाडीचं मोल करू नका. त्यासाठी शोरूमची फेरी आहे. भाड्याची गाडी सांगते ती बैठक, नजर, माप, जोर, उजेड, खर्च. आणि सुरक्षितता दोन्हींकडे कळत नाही. आदळल्यावर गाडी काय करते हे आपण आदळून बघू शकत नाही. त्यासाठी ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपची चाचणी आहे, तिचे तारे बघा, मोठ्यांचे वेगळे आणि मुलांचे वेगळे.

इतकं सगळं ग्राहकाने करायचं, मग विकणाऱ्याने काय करायचं? हे काम खरं तर शोरूमचं आहे. गाडी त्यांची, फायदा त्यांचा. तीन दिवस पैसे घेऊन गाडी द्यावी, ग्राहकाने ती घेतली तर भाडं किमतीतून वजा करावं. यात नुकसान कुणाचं? पण आड येतो नियम. शोरूमच्या डेमो गाडीची नोंदणी भाड्यासाठी झालेली नसते, म्हणून ती भाड्याने देता येत नाही. आणि भाड्याने देण्याचा परवाना काढायचा तर केंद्राची १९८९ची रेंट-अ-कॅब योजना निदान ५० गाड्या मागते. सहा-आठ डेमो गाड्यांच्या शोरूमला हे कसं परवडावं? १९८९ साली ५० चा आकडा घालण्यामागे कारण असेल, तेव्हा भाड्याच्या धंद्यात बळकट माणूस हवा होता. आज तोच आकडा ग्राहकाच्या वाटेत उभा आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने अधिकृत विक्रेत्यांसाठी पाच-सहा गाड्यांचा वेगळा परवाना काढावा: काळी पाटी, विमा, ठरलेलं भाडं, कमाल आठवड्याची मुदत. कायदा नवा नको, योजनेत एक दुरुस्ती पुरेल.

ती होईपर्यंत शोरूमला थांबायचं कारण नाही. डेमोसाठी वरच्या मॉडेलच्या जोडीला खालचं एक ठेवता येतं. पंधरा मिनिटांऐवजी दोन तास देता येतात, फुकट, सेल्समनला सोबत बसवून, ग्राहकाच्या घरापर्यंत, त्याच्या पार्किंगमध्ये, त्याच्या नेहमीच्या चढावर. आणि चावी देताना एकच प्रश्न विचारता येतो: रोज कोण चालवणार आहे? चावी त्या हातात द्यायची. दसऱ्याच्या डिलिव्हरीसाठी बुकिंग करायला जाणाऱ्यांनी या तिन्ही गोष्टी मागाव्यात, आणि नकार आला तर टोकनची रक्कम खिशातच ठेवून काळ्या पाटीवाल्याला फोन लावावा.